विजयदुर्गचा फॉरवर्ड आणि खरा लॉकियर

१८ ऑगस्ट जवळ आला की ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो: नॉर्मन लॉकियरनं १८६८ साली विजयदुर्गवरून ग्रहण बघताना हेलियम शोधला. मीही तो पुढे ढकललाय. मग तारखा तपासल्या आणि ओशाळलो. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होता.

१८३६ साली रग्बी इथे जन्मलेला हा माणूस लंडनच्या युद्ध खात्यात कारकून. खगोलशास्त्र हा त्याचा छंद. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसतानाच, त्यानं प्रकाशाचे रंग सुटे करणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपमधून सूर्याच्या कडेच्या ज्वाला टिपल्या. फ्रान्सच्या जान्सेनलाही हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. ज्वालांमधली एक पिवळी रेषा कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना. ती हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम रॅम्झीला १८९५ साली सापडला.

मग ग्रहणाची गरज संपली का? नाही. ज्वालांचा प्रकाश मोजक्या ठळक रेषांत एकवटतो, म्हणून वेगळा काढता येतो. त्याबाहेरचा करोना सूर्यबिंबापेक्षा सुमारे दहा लाख पट अंधूक, आणि त्याचा बहुतेक प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला. दिवसाच्या उजेडात तो हरवून जातो. म्हणूनच साठी ओलांडलेला लॉकियर २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी खरोखरच विजयदुर्गला आला, जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी!

१९२० साली त्याचं निधन झालं. आज आदित्य-एल१ वरचं उपकरण सूर्यबिंब झाकून, ग्रहणाची वाट न बघता करोना न्याहाळतं.

तर यंदा फॉरवर्ड आला की एवढं लिहा: विजयदुर्गचा मान खराच आहे, फक्त साल १८९८.