बाबासाहेब : उसळी आणि जाण

बोधिसत्त्व, विश्वरत्न परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावर आमच्यासारख्याने नवीन काय लिहावे? राज्यघटना, गोलमेज परिषद, रुपयाचा प्रश्न यांवर विद्वान मंडळी लिहितात आणि लिहीत राहतील. आम्ही गिरणीत आयुष्य काढलेली माणसं. पाळी सुटली की वाचनालयात जाऊन हाताला लागेल ते पुस्तक वाचलं, त्यातून जे समजलं ते समजलं. तेव्हा या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आम्ही बाबासाहेबांच्या चरित्रातला एकच धागा धरणार आहोत. हा माणूस ऐन वेळी निर्णय कसा घेत असे, एवढाच.

माणसाच्या आत दोन गोष्टी असतात. एक उसळी. कुणी अंगावर आलं की हात उगारतो नाहीतर पाय पळतात. ती जनावरालाही असते. पुस्तकात तिला सहजप्रवृत्ती म्हणतात. दुसरी जाण. तीसुद्धा क्षणात येते, म्हणून लोक दोघींना एकच समजतात. पण जाण येते ती वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून, सोसण्यातून आणि अभ्यासातून. गिरणीत हे रोज दिसायचं. नवा पोरगा चालत्या मशीनमध्ये काही अडकलं की चटकन हात घालायचा आणि बोट गमावून बसायचा. जुना साचेवाला मात्र साचाचा आवाज किंचित बदलला की आधी साचा थांबवायचा. त्याला विचारलं, का थांबवलास, तर सांगता यायचं नाही. तपासल्यावर कळायचं की त्याचं बरोबर होतं.

बाबासाहेबांची ही जाण कुठून आली? १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आई भीमाबाई गेल्या. १९०१ साली वडिलांना भेटायला भावंडांसह कोरेगावला निघालेल्या या मुलाला मसूर स्टेशनवर जात कळताच कुणी गाडीत घेईना. दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकून, रात्रभर पाण्यावाचून तो प्रवास झाला. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. हे पुस्तक वाचकांनी ध्यानात ठेवावं, पुढे त्याचं काम आहे.

१९१३ साली वडील गेले आणि त्याच वर्षी ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१७ साली परत येऊन बडोदा संस्थानात नोकरीला लागले, तर राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत उतरले होते, तिथे दहाबारा पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. एवढा शिकलेला माणूस, राजाच्या नोकरीत असलेला, मुंबईची गाडी सुटेपर्यंत कामाठी बागेत बसून राहिला. त्या बसण्यात त्यांच्या मनात काय काय चाललं असेल! पण ते तिथे काठीला काठीने भिडले नाहीत, की पुढे नशिबाला दोष देत घरीही बसले नाहीत. पुन्हा लंडनला गेले, १९२३ साली डी.एस्सी. झाले, बॅरिस्टर झाले, मुंबईत वकिली सुरू केली आणि १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली.

आता महाडकडे येऊ. हा धागा जिथे सगळ्यात घट्ट आहे ती जागा ही.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव पास झाला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, असा. त्याला धरून महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, पण कागदावर. तळ्यावर जायची छाती कुणाची नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी गावोगाव फिरून ती घडवून आणली. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागे रांगेने लोक तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं आणि मागच्यांनीही घेतलं. आपल्या समाजाच्या इतिहासात त्या ओंजळीएवढं मोठं काही नाही, असं आमचं मत आहे.

थोड्या वेळाने गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. काठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मांडवावर चालून गेला. माणसं जेवत होती, कुणी परतीची गाठोडी बांधत होती. त्यांना मारलं, अन्न मातीत कालवलं, रस्त्यात गाठून मारलं. काहींना मुसलमान बांधवांच्या घरात आसरा मिळाला. बातमी सरकारी बंगल्यावर बाबासाहेबांपर्यंत पोचली आणि त्यांच्याभोवती आपली तरणीताठी माणसं जमली. त्यांच्यात पलटणीतून पेन्शनवर आलेले सैनिक होते. लढाई पाहिलेली माणसं ती. डोळे लाल झाले होते आणि बाबांच्या तोंडून एक शब्द निघायची वाट पाहत होती.

तो शब्द निघाला नाही. बाबासाहेबांनी सगळ्यांना आवरलं.

वाचकहो, इथे जरा थांबा. त्या क्षणी बाबासाहेबांना राग आला नसेल काय? मसूर स्टेशन, बडोद्याची धर्मशाळा, सगळं त्यांच्याही रक्तात होतंच. पण त्यांना एका नजरेत पुढचं दिसलं. त्या दिवशी महाडात आपण बरोबरीने मारामारी केली असती, तर हल्लेखोर आणि हक्क मागणारे एकाच तराजूत बसले असते. तळ्याचा प्रश्न बुडून दंगलीची केस उरली असती. शिवाय परिषदेला आलेली माणसं दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी परतणार होती आणि गावात आपली घरं किती? दहा, नाहीतर पंधरा. हे सगळं मांडून बघायला त्या वेळी कागद-पेन्सिल नव्हती. जाण होती.

आणि आवरणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. बाबासाहेबांनी पोलिसात दाद मागितली, खटला उभा राहिला आणि हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. दोन आठवड्यांच्या आत, ३ एप्रिलला, बहिष्कृत भारत हे पाक्षिक सुरू झालं.

हे आम्ही इतकं लांबवून लिहितो याला कारण आहे. आजकाल कुठे विटंबना झाली की मोबाईलवर चित्रफीत येते आणि अर्ध्या तासात पोरं विहाराच्या ओट्यावर जमतात. पोरांचा राग खोटा नसतो. ज्याला राग येत नाही त्याच्याशी आम्हाला बोलायचंही नाही. पण समितीतल्या जाणत्या माणसांनी त्या वेळी पोरांच्या पुढे धावत सुटायचं की साचा थांबवायचा, हा प्रश्न दर वेळी उभा राहतो. दगड मारणारा अंधारात पळून जातो आणि कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोराच्या नावावर केस लागते. नोकरीच्या वेळी ती आडवी येते, तेव्हा त्याची आई एकटी कोर्टाच्या पायऱ्या चढत असते.

महाडची गोष्ट मार्चला संपली नाही. सनातन्यांनी दही, दूध, शेण, गोमूत्र कालवलेल्या १०८ घागरी ओतून तळं म्हणे शुद्ध केलं. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रह पुकारला. परिषदेला जागा कुणी देईना, शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचं दहन झालं. दहा हजारांच्या वर माणूस जमला होता आणि सुमारे चार हजारांनी सत्याग्रहासाठी नावं नोंदवली होती. तुरुंगात जायची तयारी करून आलेली ही माणसं.

पण विरोधकांनी आधीच कोर्टात जाऊन तळ्यावर जायला तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. कलेक्टर मांडवात येऊन लोकांना समजावून गेले. वक्ते उठून सांगत होते की आता माघार नाही. आमच्या मते मार्चपेक्षा हा निर्णय अवघड होता. मार्चमध्ये शत्रूच्या रागाला तोंड द्यायचं होतं, इथे स्वतःच्या माणसांच्या उत्साहाला. पुढाऱ्याला सगळ्यात मोठं भय असतं ते आपलीच माणसं आपल्याला भ्याड म्हणतील याचं. तेही उसळीचंच दुसरं तोंड. बाबासाहेबांनी २७ तारखेला सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. भांडण सनातन्यांशी आहे, ते सरकारशी आणि कोर्टाशी जुंपलं तर सनातनी बाजूला बसून मजा बघतील, हे त्यांनी ओळखलं होतं. लोक हिरमुसले, पण ऐकलं. मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून माणसं परतली. पुढे खटला चालला तो दहा वर्षं. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला आणि तळं अस्पृश्यांना कायद्याने खुलं झालं.

पुणे कराराबद्दल आम्ही थोडक्यातच लिहितो. २० सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केलं आणि २४ तारखेला सही झाली. स्वतंत्र मतदारसंघ गेले, ७१ जागांच्या १४८ राखीव जागा झाल्या. गांधीजींचे प्राण गेले असते तर खेड्यापाड्यांतल्या आपल्या वस्त्यांचं काय झालं असतं, हे ओझं त्या सहीवर होतं. पुढे बाबासाहेबांनीच या करारावर कडक टीका केली. तो निर्णय जाणिवेचा की दडपणाचा, यावर आपल्या कार्यकर्त्यांत आजही वाद होतात. ते व्हावेत.

गिरणी कामगार म्हणून मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. त्या काळी विणाई खात्यात अस्पृश्याला काम नव्हतं, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना विटाळ होई. पगार जास्त तो याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. १९२९ च्या संपाला तर त्यांनी विरोधच केला, त्यामुळे लाल बावट्याच्या पुढाऱ्यांशी त्यांचं चांगलंच वाजलं होतं. पण १९३८ साली खेर मंत्रिमंडळाने कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणारं बिल आणलं, तेव्हा त्याच डांगे, मिरजकर यांच्याबरोबर ७ नोव्हेंबरच्या एक दिवसाच्या संपात बाबासाहेब आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष उतरला. जुना राग धरून बसायला कारण भरपूर होतं. तो त्यांनी बाजूला ठेवला, विसरले मात्र नाहीत.

आणि आता ते केळुसकर गुरुजींचं पुस्तक. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. घोषणा होताच वेगवेगळ्या धर्मांची मंडळी निमंत्रणं घेऊन आली. दुसऱ्या कुणी वर्षभरात उडी मारली असती. बाबासाहेब २१ वर्षं थांबले. शीख धर्माचा विचार केला आणि सोडला. कॉलेज काढलं त्याला १९४६ साली सिद्धार्थ नाव दिलं, औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंद. १९५० साली सिलोनला गेले, १९५४ साली ब्रह्मदेशात. त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९०७ साली मुलाच्या हातात पडलेलं पुस्तक असं आतल्या आत पिकत राहिलं. भगवंतानेही ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, असंच कालामांना शिकवलं होतं.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी माईसाहेबांसह धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखोंना २२ प्रतिज्ञांसह दिली. शरीर थकलं होतं, मधुमेहाने पोखरलं होतं, उभं राहायला आधार लागे. मुंबईची दीक्षा १६ डिसेंबरला ठरली होती. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर समुद्रासारखा माणूस लोटला होता, बायाबापड्या ऊर बडवून रडत होत्या. त्याच ठिकाणी चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी दीक्षा दिली आणि रडता रडता हजारो लोकांनी हात जोडून त्रिसरण, पंचशील म्हटलं.