डोळ्याला शब्द देणारे हुनैन इब्न इसहाक

डोळ्याचा धडा शिकवताना आम्ही मराठी वर्गात पारपटल, दृष्टिपटल म्हणतो; उर्दू वर्गात कर्निया, शबकिया. उर्दूतले हे शब्द अरबीतून आले. अरबीत ते रुजवण्यात मोठा वाटा हुनैन इब्न इसहाक यांचा.

इ.स. 809 मध्ये इराकमधल्या हीरा इथे एका अरब ख्रिस्ती घरात त्यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते. बगदादला वैद्यकी शिकताना ते फार प्रश्न विचारत, म्हणून उस्ताद इब्न मासवैह यांनी त्यांना हाकलून दिलं, असं सांगतात. हुनैन खचले नाहीत. ते ग्रीक भाषा पक्की शिकून परतले आणि पुढे याच उस्तादांसाठी त्यांनी ग्रंथांचे अनुवाद केले.

जालीनूस हकीमांचे ग्रंथ अरबीत आणताना ते शब्दाला शब्द ठेवत नसत, अर्थ पकडत. डोळ्यावर त्यांनी दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. शिंगासारखा तो कर्निया, जाळ्यासारखा तो शबकिया. अकराव्या शतकात हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला. आज डॉक्टर ‘रेटिना’ म्हणतात, त्यातही तेच जाळं आहे.

खलिफा मुतवक्किल यांनी एकदा शत्रूसाठी विष बनवायला सांगितलं. हुनैन यांनी साफ नकार दिला आणि वर्षभर कैद सोसली, अशी हकिगत आहे. ती परीक्षा होती, हे नंतर कळलं. हकिमाचं इल्म जीव वाचवण्यासाठी असतं, हे त्यांनी सोडलं नाही.

873 मध्ये त्यांचं निधन झालं. खलिफा मुसलमान, हकीम ख्रिस्ती, ग्रंथ ग्रीक. इल्म असंच वाढतं, हे आपल्या मुलांना जरूर सांगूया.