महाजन: नाव घराघरांत ठाऊक, माणूस कुणाला?

सीमाभागात महाजन हे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, तेही रागानंच. पण अहवालामागचा माणूस कोण, हे फारसं कुणी सांगत नाही.

मेहरचंद महाजन यांचा जन्म १८८९चा, कांगडा भागातला. शिक्षण लाहोरला, वकिली गाजली तीही लाहोरला. तिथल्याच हायकोर्टात ते न्यायाधीश झाले. १९४७ मध्ये पंजाबच्या सीमा आयोगावर ते सदस्य होते. दोन मुस्लिम, एक हिंदू, एक शीख असे चार न्यायाधीश. मतं धर्मावर फुटली आणि रेघ एकट्या रॅडक्लिफनी ओढली. महाजनांचं लाहोर पलीकडं गेलं.

त्याच ऑक्टोबरात ते जम्मू-काश्मीरचे पंतप्रधान झाले. विलीनीकरण त्यांच्याच काळातलं. पुढं हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत गेला आणि तिथले ठराव भारत-पाकिस्तानानं आपापल्या परीनं वाचले. १९५४ मध्ये महाजन देशाचे सरन्यायाधीश झाले.

१९६६ मध्ये सेनापती बापट सीमाप्रश्नासाठी उपोषणाला बसले. आयोग नेमा, हा आग्रह महाराष्ट्राचाच होता. ऑक्टोबरात केंद्रानं महाजनांचा एकसदस्यीय आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला: बेळगाव शहर म्हैसूरकडं, निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राकडं, जत, अक्कलकोट, सोलापूरकडची २४७ गावं म्हैसूरला.

महाराष्ट्रानं तो फेटाळला. खेडं हा घटक आणि भाषिक बहुसंख्या, हा निकष सगळीकडं सारखा लावला नाही, ही तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. कर्नाटक मात्र अहवालच अंतिम म्हणतं. पण आयोगाचं मत म्हणजे शिफारस. हद्द बदलायची तर संसदेचा कायदा लागतो, तो झालाच नाही. म्हणून अहवालानं महाराष्ट्राला दिलेलं निपाणीसुद्धा आहे तिथंच राहिलं. बेळगाव हा दोन्हीकडं अस्मितेचा प्रश्न. त्यात निपाणीकडं कोण बघणार?

त्या वर्षी २८ नोव्हेंबरला बापट गेले, ११ डिसेंबरला महाजन. आयोग मागणारा आणि आयोग चालवणारा, दोघंही पंधरवड्यात संपले. २००४ पासून हा दावा सुप्रीम कोर्टात आहे, जिथं एकेकाळी महाजन मुख्य खुर्चीवर होते. तिथला निकाल शिफारस नसेल. तो आपल्याला हवा तसा आला नाही तर काय करायचं, याचं उत्तर मात्र दोन्ही राज्यांनी आजच मनाशी ठरवायला हवं.