चामड्याच्या धंद्यातून पैसा केला, त्यातून अशी काच बनवली जिच्यात आज हाडं तपासतात

हाड मायक्रोस्कोपखाली बघायचं तर त्याची पातळ चकती कापावी लागते. पण हाड पडतं कडक. म्हणून बहुतेक लॅबमध्ये ते आधी ॲसिडसारख्या रसायनात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढतात आणि मऊ झालं की मेणात बसवून कापतात.

गोची अशी की काही आजारांत नेमकं कॅल्शियमच बघायचं असतं. ऑस्टिओमलेशियात नवीन हाडाचा साचा तयार होतो, पण त्यात कॅल्शियम नीट भरत नाही. कॅल्शियमच काढून टाकलं, तर कुठं भरलंय आणि कुठं नाही हे कळणार कसं?

यावरचा एक उपाय आहे पारदर्शक प्लॅस्टिक. ते बाजारात आणणारा माणूस म्हणजे जर्मनीचा ओटो रोम.

रोमचा जन्म १८७६ चा. सुरुवात औषधांच्या दुकानातून झाली, मग तो रसायनशास्त्राकडे वळला. १९०१ मध्ये ट्युबिंगन विद्यापीठातून त्यानं डॉक्टरेट मिळवली. विषय होता ॲक्रिलिक ॲसिडपासून बनणारे पदार्थ. पण त्या संशोधनावर पोट भरणं शक्य नव्हतं.

त्या काळी चामडं मऊ करायला चक्क कुत्र्याची विष्ठा वापरायचे. रोमनं ओळखलं की हे काम खरं तर एन्झाईम करतात. मग जनावरांच्या स्वादुपिंडातले एन्झाईम वापरून त्यानं ओरोपोन नावाचं उत्पादन काढलं. १९०७ मध्ये मित्र ओटो हास याच्यासोबत कंपनी काढली. १९०९ मध्ये कंपनी डार्मस्टाटला गेली, तर हासनं अमेरिकेत फिलाडेल्फियाला बस्तान बसवलं.

धंदा जोरात चालला, तरी ॲक्रिलिक काही रोमच्या डोक्यातून गेलं नाही. वॉल्टर बाउरसारखे केमिस्ट सोबतीला घेऊन त्यानं काम पुन्हा सुरू केलं आणि १९३३ मध्ये प्लेक्सिग्लास हे नाव नोंदवलं. काचेसारखं आरपार दिसणारं, पण वजनाला हलकं. डॉक्टरेटला तोवर ३२ वर्षं झाली होती.

पुढं हीच काच लढाऊ विमानांना लागली. १ सप्टेंबर १९३९ ला दुसरं महायुद्ध पेटलं आणि त्याच महिन्यात रोमचा मृत्यू झाला.

आता हाडाकडे येऊ. प्लेक्सिग्लास ज्यापासून बनतं ते मिथाइल मेथाक्रिलेट पाण्यासारखं पातळ असतं. हाडाचा नमुना अल्कोहोलमध्ये ठेवून त्यातलं पाणी काढतात आणि मग हा द्रव आत मुरवतात. तो घट्ट होताना उष्णता सोडतो. घाई केली तर बुडबुडे येतात आणि नमुना वाया जातो. म्हणून कमी तापमानाला, हळूहळू घट्ट होऊ देतात.

हाड आणि प्लॅस्टिक दोन्ही कडक झाले की टंगस्टन कार्बाइडच्या पात्यानं काही मायक्रॉनची चकती निघते. गोल्डनर पद्धतीनं रंगवलं की कॅल्शियम भरलेला भाग हिरवा दिसतो, न भरलेला लालसर. ऑस्टिओमलेशियात हे लाल पट्टे जाड दिसतात.

हाडाचा असा तुकडा बहुधा कमरेच्या हाडातून, सुई घालून काढलेला असतो. रुग्णाला ते दुखणं पुन्हा सोसायला लावायचं नसेल, तर एकाच नमुन्यात उत्तर मिळावं लागतं. ते मिळतं रोमनं तीस वर्षं डोक्यात ठेवलेल्या रसायनामुळं.