वाद घालावा, पण आगरकरांसारखा!

खरं सांगायचं तर कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे आगरकर म्हटलं की मला फक्त बॉलर अजित आगरकर आठवायचा! पण मागच्या सेमिस्टरला रूममेटशी माझं जोरदार वाजलं. विषय काय, तर गणपतीत डीजे आणायचा की नाही. मुद्दे संपल्यावर आम्ही एकमेकांची अक्कल काढली आणि दोन आठवडे बोलणं बंद! त्याच दिवसांत लायब्ररीत गोपाळ गणेश आगरकरांचं चरित्र हाती लागलं.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कराडजवळच्या टेंभू गावातला. घरची गरिबी. शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. तिथे टिळकांशी मैत्री जमली. सरकारी नोकरीच्या मागे न लागता शिक्षणाचं काम करायचं, हे दोघांनी ठरवलं. १८८१ साली 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. म्हणजे दोस्ती एकदम पक्की!

पण पुढे मतं जुळेनात. परक्या सरकारने कायदे करून आमच्या चालीरीतींत हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं. तर बालविवाह आणि विधवांचे हाल थांबवायला स्वराज्याची वाट कशाला बघायची, असा आगरकरांचा सवाल. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर तर दोघे दोन टोकांना होते.

हा वाद गोड नव्हता बरं का. दोघांच्याही लेखणीला धार होती, आणि कधीकधी ती मुद्दा सोडून माणसालाही लागली. पण आगरकरांचा आग्रह एकच होता : रूढी जुनी आहे किंवा ग्रंथात लिहिली आहे एवढ्यावर ती मानू नका, कारण द्या. आणि स्वतःही ते कारणं देत राहिले. सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्याला त्यांचं उत्तर लेखानेच! १८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. दम्याने पोखरलेलं शरीर मात्र साथ देईना. १७ जून १८९५ ला ते गेले, वय अवघं ३८.

'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. इतकी वर्षं भांडलेल्या मित्राचे गुण त्यांनी मोकळ्या मनाने मांडले. हे वाचून मी पुस्तक मिटलं. वाटलं, चांगलं बोलायला मरणाची वाट कशाला बघायची?

रात्री मेसमध्ये रूममेटच्या समोर जाऊन बसलो. आधी त्याचा मुद्दा मीच त्याला सांगून दाखवला, आणि बरोबर समजलाय ना, असं विचारलं. तो हसला. डीजेबद्दल आमचं आजही पटत नाही... पण चहा एकत्रच होतो!