करीमखाँसाहेबांच्या तबकड्या
किराण्यात १८७२ साली जन्मलेले अब्दुल करीमखाँ आमच्या बडोद्याचे दरबारगायक झाले, आणि ताराबाई मान्यांसह हे नगर सोडून गेले. दरबाराचे नुकसान, मिरज-पुण्याचा लाभ! १९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. १९०५ च्या सुमारास त्यांचा आवाज प्रथम तबकडीवर उतरला. घरोघर पोचली ती मात्र १९३४-३५ ची ओडियनची मुद्रणे. झिंझोटीतली ठुमरी जेमतेम तीन मिनिटांची, पण स्वराला कोठे घाई म्हणून नाही. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर एका रेल्वे स्थानकातच त्यांचे प्राण गेले. दफन मिरजेत झाले. आज संग्राहक कोलंबियाच्या पुनर्मुद्रणापेक्षा मूळ ओडियन छापास अधिक मोल देतात, अर्थात चरे नसतील तर. लाखेचा माल ठिसूळ. जुन्या वाड्यांतील माळ्यांवर अशा तबकड्या असतील, त्या उभ्या ठेवाव्यात आणि मोडीत घालण्यापूर्वी एकदा जाणत्यास दाखवाव्यात.