थिओडोर राइक

थिओडोर राइक (१२ मे, १८८८:व्हिएन्ना, ऑस्ट्रिया - ३१ डिसेंबर, १९६९:न्यू यॉर्क, अमेरिका) हे ऑस्ट्रियात जन्मलेले मनोविश्लेषक, लेखक व अध्यापक होते. सिग्मंड फ्रॉइड यांच्या सुरुवातीच्या शिष्यांत त्यांची गणना होते. वैद्यकीय पदवी नसताना रुग्णांवर उपचार केल्याबद्दल व्हिएन्नात त्यांच्यावर कायदेशीर कारवाई झाली. मनोविश्लेषण करण्याचा अधिकार कोणाला असावा आणि तो शासनाने कोणत्या निकषावर द्यावा, हा वाद त्यामुळे त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

सुरुवातीचे जीवन

राइक यांचा जन्म मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबात झाला. सरकारी नोकरीत असलेले वडील वारले तेव्हा ते १८ वर्षांचे होते. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्र आणि साहित्य यांचा अभ्यास केला. १९१० मध्ये त्यांची फ्रॉइड यांच्याशी भेट झाली. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर यांच्या संत अँथनीवरील कृतीविषयी प्रबंध लिहून त्यांनी १९१२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मनोविश्लेषणाच्या आधारे लिहिलेला हा पहिला डॉक्टरेट प्रबंध मानला जातो.

यानंतर वैद्यकाचे शिक्षण घ्यावे, असा राइक यांचा विचार होता. फ्रॉइड यांनी त्यांना त्यापासून परावृत्त केले आणि संशोधनाकडेच लक्ष देण्यास सांगितले. घरची ओढाताण पाहून त्यांनी शिष्याला काही काळ आर्थिक साहाय्यही केले. बर्लिनचे कार्ल अब्राहम यांनी राइक यांचे विश्लेषण विनामूल्य केले. पुढे जे काही घडले त्याचे मूळ गुरूच्या या एका सल्ल्यात आहे. तो मानला नसता, तर राइक यांच्यावर कोणी खटला भरू शकले नसते.

पहिल्या महायुद्धात राइक यांनी ऑस्ट्रियाच्या सैन्यात नोकरी केली. युद्धानंतर ते व्हिएन्नातच मनोविश्लेषक म्हणून काम करू लागले आणि ऑटो रँक यांच्यानंतर व्हिएन्ना मनोविश्लेषण संस्थेचे सचिव झाले. धार्मिक विधींविषयीचे त्यांचे पुस्तक १९१९ मध्ये फ्रॉइड यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले.

व्हिएन्नातील कारवाई

वैद्यकीय अर्हता नसलेल्या व्यक्तीने रुग्णावर उपचार करणे हा ऑस्ट्रियात गुन्हा होता. राइक यांनी व्याख्याने देण्यास किंवा ग्रंथ लिहिण्यास कोणाची हरकत नव्हती. प्रश्न रुग्ण पाहण्याचा होता. फेब्रुवारी १९२५ मध्ये नगर प्रशासनाने त्यांना व्यवसाय करण्यास मनाई केली. शहराच्या आरोग्य खात्याची धुरा सांभाळणारे शरीररचनाशास्त्रज्ञ युलियुस टांडलर यांना फ्रॉइड यांनी पत्र लिहून या निर्णयास विरोध दर्शवला.

१९२६ मध्ये प्रकरण अधिक गंभीर झाले. फ्रॉइड यांनीच राइक यांच्याकडे पाठवलेल्या एका अमेरिकन रुग्णाने उपचारामुळे आपले नुकसान झाल्याची तक्रार केली. तक्रारदार स्वतः डॉक्टर होता. फ्रॉइड यांनी त्याच उन्हाळ्यात अवैद्यकीय विश्लेषणाच्या प्रश्नावर एक छोटे पुस्तक लिहून काढले. एका तटस्थ अधिकाऱ्याशी चाललेला संवाद अशी त्याची मांडणी आहे. या अधिकाऱ्याच्या पात्रामागे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक आर्नोल्ड डुरिग होते, असे मानले जाते. वैद्यकाच्या अभ्यासक्रमात मनोविश्लेषणाला लागणारे बहुतेक काही शिकवलेच जात नाही. पुराणकथा, धर्माचे मानसशास्त्र, साहित्य यांचे ज्ञान मात्र विश्लेषकाला हवेच. त्यामुळे फ्रॉइड यांच्या मते, प्रशिक्षण न घेता विश्लेषण करणारा डॉक्टरच खरा भोंदू ठरतो.

तक्रारदाराची साक्ष विश्वासार्ह न वाटल्याने १९२७ मध्ये कार्यवाही थांबवण्यात आली. फ्रॉइड यांच्या पुस्तकामुळे राइक सुटले असा समज तेव्हा पसरला, पण स्वतः फ्रॉइड यांनी तो नाकारला. कायद्यातील मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला. त्याच वर्षी या विषयावर देशोदेशींच्या विश्लेषकांची लेखी चर्चा प्रसिद्ध झाली. तीत फ्रॉइड यांचे अनेक निकटचे सहकारीही त्यांच्या विरुद्ध बाजूला होते.

बर्लिन आणि हेग

१९२८ मध्ये राइक बर्लिनला गेले व तेथील मनोविश्लेषण संस्थेत शिकवू लागले. जर्मनीत त्या काळी उपचार करण्यासाठी वैद्यकीय परवान्याची सक्ती नव्हती. ती मोकळीक १९३९ पर्यंत टिकली. नाझी सत्तेवर आल्यावर राइक यांना नेदरलँड्समधील हेग येथे आश्रय घ्यावा लागला. निर्वासित विश्लेषकांना सामावून घेण्यावरून तेथील मनोविश्लेषण संस्थेतही फूट पडली.

अमेरिकेतील वास्तव्य

१९३८ मध्ये राइक न्यू यॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी अमेरिकन मनोविश्लेषण संघटनेने यापुढे केवळ डॉक्टरांनाच सदस्य करून घेण्याचा नियम केला होता. हा नियम शासनाचा नव्हता, व्यवसायातील मंडळींनी स्वतःच घातलेला होता आणि व्हिएन्नातील मनाईपेक्षा तो अधिक टिकाऊ ठरला. न्यू यॉर्कच्या संस्थेने राइक यांना पूर्ण सदस्यत्व नाकारले. त्यांची विद्वत्ता संस्थेला मान्य होती, पण त्यांनी रुग्ण पाहू नयेत अशी अपेक्षा होती. पुढील काळातही संशोधनासाठी प्रशिक्षण घेणाऱ्या अवैद्यकीय विद्वानांकडून ते व्यवसाय करणार नाहीत असे लिहून घेतले जाई.

ही विभागणी कागदावर सोपी असली तरी या शास्त्राला ती लागू पडत नाही. शिकाऊ विश्लेषकाला आधी स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे लागते, म्हणजे ज्याला विश्लेषण करण्याची मुभा नाही त्याला शिकवताही येत नाही. संशोधनाची सामग्रीही रुग्णाच्या बोलण्यातूनच मिळते. राइक यांनी ही अट पाळली नाही. त्यांनी आपला व्यवसाय चालू ठेवला, भोवती जमलेल्या विद्यार्थ्यांना शिकवले आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय मानसशास्त्रीय मनोविश्लेषण संघटना स्थापन केली. डॉक्टर नसलेल्यांनाही तिची दारे खुली होती. त्याच वर्षी त्यांचे 'तिसऱ्या कानाने ऐकणे' या अर्थाच्या शीर्षकाचे गाजलेले पुस्तक निघाले. रुग्णाचे न बोललेले ऐकण्याची कला हा त्याचा विषय आहे. न्यू यॉर्क येथेच त्यांचे निधन झाले.

नंतरच्या घडामोडी

१९८५ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकन संघटनेच्या निर्बंधाविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. दशक संपण्यापूर्वी तडजोड होऊन डॉक्टरेतरांना प्रवेश मिळाला. २००२ मध्ये न्यू यॉर्क राज्याने मनोविश्लेषकांसाठी स्वतंत्र परवान्याचा कायदा केला. त्यात वैद्यकीय पदवीची अट नाही.

भारतातील स्थिती

राइक यांच्यावर व्हिएन्नात कारवाई झाली त्याच्या तीनच वर्षे आधी, १९२२ मध्ये, गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती. बोस स्वतः डॉक्टर होते, परंतु संस्थापक सदस्यांत मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांचे प्रमाण मोठे होते व त्याबद्दल येथे वाद झाला नाही. मुंबईत मनोविश्लेषण रुजवण्यात ज्यांचा वाटा आहे ते इटालियन विश्लेषक एमिलियो सेर्वादियो हेही कायद्याचे पदवीधर होते. भारतात १९९२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही त्यांची व्याख्या आहे. मनोविश्लेषक असा वेगळा वर्ग मात्र या दोन्ही कायद्यांत नाही.